केबिनलाच घर करायचं असेल तर

प्रश्न: मी मंगळवेढा तालुक्यातला, वय २५. चार वर्षं पिकअप चालवली, यंदा हेवीचं लायसन्स काढलं. दीड महिन्यापासून ३२ फुटी मल्टिॲक्सल कंटेनरवर आहे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग भरतो, गुरुग्रामला खाली करतो आणि तिकडून मिळेल तो माल घेऊन परततो. गाडीवर एकटाच आहे, क्लीनर नाही. भोसरीतल्या खोलीवर महिन्यातून चार-पाच रात्रीच झोपतो आणि भाडं पाच हजार जातं, म्हणून खोली सोडून गाडीतच राहायचा विचार आहे. पण गाडीत अजून बस्तान बसत नाही. एसी इंजिन चालू असेल तरच चालतो आणि मालक डिझेलवरून बोलतात. इंजिन बंद ठेवून पंखा, मोबाइल आणि छोटा राइस कुकर लावला, तर दोनदा सकाळी सेल्फच उचलला नाही. ढाब्याचं खाऊन पित्त झालंय. माल ४८ तासांत पोचवायचा असतो. झोप आली की जुने ड्रायव्हर म्हणतात, गोळी घे. काय करू?

उत्तर: तुम्ही खोलीबद्दल आधी विचारलंत आणि ४८ तासांचा उल्लेख जाता जाता केलात. आम्ही मात्र तिथूनच सुरुवात करतो. केबिनमध्ये राहणं जमेल की नाही, हे गादी, पंखा आणि गॅस यांच्याआधी वेळापत्रकावर ठरतं. झोपायला वेळच नसेल तर केबिन कितीही चांगली लावली तरी काय उपयोग?

हिशेब मांडून पाहा. चाकण ते गुरुग्राम साधारण १,४०० किलोमीटर. भरलेल्या मल्टिॲक्सलचा चालता सरासरी वेग ताशी ४५ धरला तर नुसतं स्टिअरिंगवर ३१ तास लागतात. ४८ मधून ३१ गेले, उरले १७. जेवण, अंघोळ, डिझेल, टायर बघणं, टोलची रांग, शहराबाहेर नो एंट्री सुटायची वाट, याला दिवसाकाठी साडेतीन तास लागतातच. म्हणजे दोन दिवसांचे सात गेले. उरले दहा, म्हणजे दिवसाला पाच तास झोप आणि साडेपंधरा तास ड्रायव्हिंग. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने रोजची मर्यादा ८ तासांची आखली होती. लांब पल्ल्याला परवानगीने जास्तीत जास्त १० तास, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. तुमच्याकडून त्याच्या दीडपट काम घेतलं जातंय.

ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाची) मुदत संपेल ही भीती अनेक नव्या ड्रायव्हरांना घातली जाते. साध्या मालाच्या ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो. १,४०० किलोमीटरला सात दिवस झाले. गाडी बिघडली आणि मुदत संपत आली, तर संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते आणि ते काम ट्रान्सपोर्टच्या ऑफिसचं असतं. म्हणजे घाई सरकारी कागदाची नाही. ती माल लावण्याच्या वेळेची आहे आणि ती वेळ बोलून बदलता येते.

मालकाशी बोलताना तक्रारीचा सूर लावू नका, हाच हिशेब समोर ठेवा: एक ड्रायव्हर असेल तर साडेतीन दिवस, दोन असतील तर दोन दिवस. लोडिंग झालं की व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवा, ‘गाडी अमुक वाजता सुटली, एकटा आहे, अमुक दिवशी दुपारपर्यंत लागेल.’ वाटेत थांबलात की ठिकाण आणि वेळ कळवा. पार्टीने गाडी दोन दिवस गेटवर उभी ठेवली तर गेट-इनच्या पावतीचा फोटो काढून ठेवा. हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी खोळंबल्याच्या पैशांचा, वाद तिथेच मिटतो. हे सगळं करूनही मालक ४८ तासांवरच अडून बसले तर दुसरी गाडी बघा. हेवी लायसन्सचा, व्यसन नसलेला, हिशेब चोख ठेवणारा ड्रायव्हर सगळ्यांनाच हवा असतो.

गोळीबद्दल स्पष्ट सांगतो. झोप घालवायची म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्या असोत, नाहीतर राजस्थान-मध्य प्रदेशच्या पट्ट्यात मिळणारा डोडा (अफूच्या बोंडाची टरफलं), त्याने शरीराचा थकवा तसाच राहतो, फक्त थकल्याची जाणीव बोथट होते. डोळे उघडे असतात आणि मेंदू दोन-तीन सेकंद बंद पडतो. ताशी ६० च्या वेगाला तीन सेकंदांत गाडी ५० मीटर जाते. शिवाय परवान्याशिवाय डोडा जवळ बाळगणं हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि केबिनच्या झडतीत सापडला तर आत तुम्ही जाता, तो देणारा जात नाही. सर्दीची आणि खोकल्याची औषधंही जपून घ्या. त्यातली बरीचशी झोप आणतात. केमिस्टला आधी सांगा की मी गाडी चालवतो.

मग झोपायचं कसं? रात्री दोन ते पहाटे पाच हा शरीराचा सर्वांत सुस्त काळ. दिवसा कितीही झोपलात तरी या वेळात डोळा लागतो. गाडी या वेळात निदान चार वाजेपर्यंत तरी उभी असावी. उन्हाळ्यात आम्ही असं वेळापत्रक सुचवू: रात्री दहाच्या सुमाराला झोप, चारला उठणं. साडेचार ते साडेदहा गाडी, मधे अर्धा तास चहा-नाश्ता. भर उन्हात सावलीला थांबून जेवण आणि दीड-दोन तास झोप. चार ते आठ पुन्हा गाडी. साडेनऊ तासांचं ड्रायव्हिंग होतं, चारशे-सव्वाचारशे किलोमीटर पडतात आणि दोन तुकड्यांत का होईना, साडेसात तास झोप मिळते. हिवाळ्यात उलट करा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे मध्यरात्रीपासून सकाळी नऊपर्यंत धुकं असतं. त्या काळात रात्रीची सलग झोप घ्या आणि दिवसा चालवा.

मधेच पापणी जड झाली, आपण टोल कधी ओलांडला ते आठवेना, गाडी पट्ट्यावर घासली, यातलं एकही झालं की पुढच्या पंपावर वळा. आधी कॉफी किंवा कडक चहा प्या आणि लगेच वीस मिनिटांचा अलार्म लावून आडवे व्हा. चहा-कॉफीचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठता तेव्हा दोन्हीचा फायदा एकदम मिळतो. तासभर झोपलात तर मात्र गुंगी राहते, मग पूर्ण झोपच काढा. परतीला धुळे मार्गाने येत असाल तर सेंधवा सोडल्यावर बिजासन घाटाचा उतार आहे. ब्रेक निकामी होऊन तिथे फार वाईट अपघात झालेत. तो उतार पहाटे तीनला येईल असं कधीही ठरवू नका. सेंधव्यातच झोपा, उजाडल्यावर हवेचं प्रेशर बघून, घाट लागण्याआधीच खालचा गिअर टाकून उतरा.

आता बॅटरी. तुमच्या गाडीची यंत्रणा २४ व्होल्टची आहे. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. २४ व्होल्टचा केबिन पंखा साधारण एक अँपिअर खातो. आठ तासांचे आठ अँपिअर-अवर. एक एलईडी दिवा आणि मोबाइल धरून दहा-बारा. शंभराच्या वरच्या बॅटरीला हे काहीच नाही. तुमचा घात राइस कुकरने केला. पाचशे वॉटचा कुकर इन्व्हर्टरवर लावला की २४ व्होल्टला वीस-पंचवीस अँपिअर ओढतो. अर्ध्या तासात एवढं जातं जेवढं पंखा रात्रभरात खात नाही. शिवाय सिगारेट लायटरच्या सॉकेटची वायर आणि फ्यूज दहा-पंधरा अँपिअरचे असतात. फ्यूज उडाला तर नशीब म्हणायचं. कुणी फ्यूजच्या जागी तार घातलेली असेल तर डॅशबोर्डच्या मागे वायर वितळते आणि केबिनला आग लागायची सुरुवात तिथून होते. कुकर आजच घरी पाठवून द्या. इंडक्शनचं तर नावच नको.

दुसरी शंका अशी की म्युझिक सिस्टीम किंवा चार्जर कुणीतरी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेऊन जोडलेला असेल. हे सर्रास करतात. त्याने ती एक बॅटरी उतरत जाते, दुसरी जास्त चार्ज होते आणि सहा-आठ महिन्यांत दोन्ही जातात. इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या आणि २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर बसवा. मोबाइलचा चार्जर १२/२४ लिहिलेलाच घ्या, कारचा साधा चार्जर जळतो. सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो लावून ठेवा. इंजिन बंद करून दोन-तीन तासांनी २५.४ च्या आसपास दाखवलं तर बॅटरी भरलेली आहे, २४.४ ला आली की निम्मी उरली. तिथे पंखा सोडून सगळं बंद. आणि तरीही सकाळी सेल्फ उचलला नाही तर टर्मिनल हाताने हलवून बघा. बॅटरी धडधाकट असताना पांढऱ्या बुरशीने किंवा सैल क्लॅम्पने गाडी अडते असंही पुष्कळदा होतं.

बॅटरीचा कट-ऑफ स्विच असेल तर तो इंजिन बंद केल्या केल्या पाडू नका, निदान दोन मिनिटं थांबा. बीएस-सिक्स गाडीत इंजिन बंद झाल्यावर यूरियाचा (धूर स्वच्छ करण्यासाठी वापरतात त्या द्रवाचा) पंप नळ्यांतला यूरिया परत टाकीत ओढून घेतो. मधेच वीज तुटली तर तो नळीत सुकून खडे होतात, आणि पुढचा खर्च मोठा असतो.

एसीच्या बाबतीत मालकांचं म्हणणं चुकीचं नाही. २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली हे फार चांगलं झालं, पण तो एसी इंजिनवर चालतो. उभ्या गाडीचं इंजिन तासाला दीड-दोन लिटर डिझेल पितं. रात्रीचे बारा-सोळा लिटर झाले, हजार-बाराशे रुपयांच्या पुढे. शिवाय तासन् तास आयडलिंगला सायलेन्सर पुरेसा तापत नाही, काजळी साठते, डीपीएफचा (काजळी अडवणाऱ्या गाळणीचा) दिवा लागतो आणि गाडी स्वतःहून रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळून टाकणं, मागते. हे करताना सायलेन्सर प्रचंड तापतो, म्हणून गाडी वाळक्या गवतावर किंवा पाचटावर उभी करून रीजनरेशन कधीही करू नका.

मधला मार्ग असा: थांबण्याच्या आधी अर्धा तास चालत्या गाडीतच केबिन चांगली गार करून घ्या, मग इंजिन बंद, पंखा चालू, दोन्ही काचा चार बोटं खाली आणि त्यावर चिकटपट्टीची मच्छरदाणी. समोरच्या काचेला चांदीच्या रंगाचा पडदा, केबिनच्या छताला आतून फॉइल लावलेला फोम, इंजिनच्या उंचवट्यावर जाड गोधडीची घडी. बरीच उष्णता तिथूनच वर येते. मे महिन्यात दुपारी एवढ्यानेही भागणार नाही. तेव्हा केबिनमध्ये झोपायचा हट्ट सोडा. ढाब्यावर जेवलात तर कडुनिंबाखालची बाज मिळतेच. काही पंपांवर तेल कंपन्यांनी ‘अपना घर’ नावाने ट्रकचालकांसाठी राहायची सोय केली आहे. तिथे खाटा, अंघोळीचा हौद, स्वयंपाकाची जागा असते आणि ॲपवरून बुकिंग होतं. आपल्या रस्त्यावर ती कुठे कुठे आहेत ते एकदा बघून वहीत लिहून ठेवा.

हिवाळ्यातली एक गोष्ट मात्र कधीही करू नका: बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी, अंगीठी, तव्यावरचे निखारे किंवा गॅस पेटता ठेवून झोपणं. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतच माणूस जातो. उत्तरेकडे दर थंडीत अशा बातम्या येतात. दोन गोधड्या, कानटोपी, लोकरीचे मोजे, गरम पाण्याची पिशवी, एवढ्यात थंडी निभते. डासांची कॉइलही बंद केबिनमध्ये नको, जाळीच बरी.

झोपायच्या जागेचं माप घेऊनच गादी करा. मागचा बर्थ बहुतेक दोन-सव्वादोन फूट रुंद असतो. चार इंची मऊ फोम पहिल्या आठवड्यात छान वाटतो, नंतर कंबर धरतो आणि घामाने वास मारतो. दोन इंची घट्ट काथ्याची गादी आणि वर घरची सुती गोधडी, धुता येतील अशा दोन. डोकं क्लीनर साइडला ठेवा, रहदारीचा आवाज कमी येतो. गाडी महामार्गाच्या कडेला, शोल्डरवर उभी करून झोपणं म्हणजे मागून येणाऱ्याच्या झोपेवर आपला जीव सोपवणं. पंप, ले-बाय (महामार्गालगत गाड्या थांबायला आखलेली जागा), ट्रक टर्मिनल, नाहीतर दिवे आणि कॅमेरा असलेला ढाबा, यांपैकीच जागा शोधा आणि फार रात्र व्हायच्या आत शोधा. रात्री अकरानंतर बहुतेक चांगल्या जागा भरलेल्या असतात. डिझेलची टाकी भिंतीकडे किंवा शेजारच्या गाडीकडे येईल अशी लावा, झाकणाला कुलूप, बॅटरीच्या पेटीला कुलूप. चाकाला उटी म्हणून दगड लावलात तर निघताना तो उचलून कडेला टाका. रस्त्यात राहिलेल्या दगडाने रात्री दुचाकीवाला मरतो. एक-दोन किलोचं अग्निशामक सीटखाली न ठेवता दाराशी, झोपेतून उठून हात जाईल अशा जागी ठेवा आणि त्याचा काटा हिरव्यावर आहे ना ते दर महिन्याला बघा.

पाण्याचं सांगतो, कारण नवे ड्रायव्हर इथे हमखास चुकतात. थांबायला लागू नये म्हणून पाणी कमी पितात, लघवी दाबून ठेवतात आणि काही वर्षांत मूतखडा घेऊन बसतात. उन्हाळ्यात दिवसाला पाच लिटर पोटात गेलंच पाहिजे. लघवी पिवळीजर्द दिसली की कमी पडलं समजा. वीस लिटरचा एक जार वापरायला, दहाचा एक प्यायला, दोन्हींची झाकणं वेगळ्या रंगाची. पेट्रोल पंपांनी हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह मोफत द्यायचं असतं. मागायला संकोचू नका. पोट साफ व्हायची एक वेळ ठरवा, सकाळच्या पहिल्या थांब्याची, आणि ती गाडीच्या घाईसाठी मोडू नका. दिवसभर बसून असणाऱ्याला मूळव्याध लवकर होते. ओआरएसच्या चार पुड्या कायम ठेवा, एक पुडी एक लिटरला. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उन्हात घाम यायचा थांबला, डोकं गरगरलं, बोलणं अडखळलं तर तो उष्माघात असतो. सावलीत आडवं व्हा, कपडे ओले करा, १०८ लावा.

जेवणाबद्दल तुम्ही नशीबवान आहात, कारण तुमच्या भागातली कडक भाकरी प्रवासासाठीच जन्माला आली आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीची पापडासारखी वाळवलेली भाकरी हवाबंद डब्यात पंधरा दिवस सहज टिकते, पावसाळ्यात तेवढी दमट हवेपासून जपा. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, पाणी न लावता केलेला लसणाचा ठेचा, गूळ, फुटाणे, खजूर आणि मेतकूट असा डबा प्रत्येक फेरीला घरून किंवा एखाद्या बचत गटाकडून घ्या. दही वाटेत कुठेही मिळतं. भाकरी चुरून दह्यात कालवली, वर चटणी घेतली की दुपारचं जेवण झालं. ते हलकं असतं आणि त्यावर सुस्ती येत नाही. पित्ताचं कारण ढाबा एकटा नसावा. रिकाम्या पोटी सहा-सात चहा, रात्री अकराला तेलाची तर्री आणि लगेच आडवं होणं, हे सगळं मिळून ते होतं. रात्रीचं जेवण झोपेच्या दोन तास आधी घ्या. ढाब्यावर साधी डाळ, तंदुरी रोटी बिनबटरची आणि कच्चा कांदा मागा.

संध्याकाळी स्वतः रांधायचं असेल तर तीन लिटरचा प्रेशर कुकर, एक पातेलं, तवा आणि पाच किलोचा सिलिंडर पुरे. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी, एक बटाटा, कांदा, हळद, मीठ. तीन शिट्ट्यांत पोटभर खिचडी होते. रोज तासभर जाळलात तर तो सिलिंडर महिनाभर जातो. उरलेला भात उन्हाळ्यात सकाळसाठी ठेवू नका, तो वास न येताही बाधतो. सिलिंडर केबिनमध्ये कधीच नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर केबिनच्या तळाशी साठतो आणि एक ठिणगी पुरते. बाहेरच्या टूल बॉक्समध्ये, उभा बांधून, खाली भोकं असलेल्या खणात ठेवा. रेग्युलेटर दर वेळी काढा, रबरी नळीवरची मुदत बघा, जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. चूल मांडताना डिझेलच्या टाकीपासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला. पंपाच्या आवारात अजिबात नाही, आणि ज्वलनशील माल भरला असेल त्या फेरीला सिलिंडर गाडीवरच नको. अनेक कारखाने गेटवर सिलिंडर आत नेऊ देत नाहीत. पहिल्याच फेरीत विचारून घ्या आणि तो कुठे ठेवायचा ते ठरवा. त्याच गेटवर सेफ्टी शूज, हेल्मेट आणि चमकतं जॅकेटही मागतात, ते स्वतःचं घ्या.

पैशांचं थोडक्यात. पगार, भत्ता, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) आणि वाटखर्ची यांचा हिशेब एका वहीत, रोजच्या रोज: तारीख, किलोमीटर, डिझेल, खर्च, उभं राहिलेले तास. उचल घेतली तर त्याच वहीत मालकाची सही. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली कुठलीही फाइल उघडू नका, खातं रिकामं होतं. लायसन्स आणि गाडीचे कागद डिजिलॉकरमध्ये ठेवलेत तर तेही कायद्याने चालतात. बँकेत जाऊन वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू करा, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे. गाडी रस्त्यात पडली तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३, इतर अडचणीत ११२.

तुम्ही लिहिलेलं नाही, तरी विचारायला हवं: दिवसभर कुणाशी बोलता का? एकटेपणाने माणूस गप्प होत जातो, मग दारू किंवा नको ती सोबत जवळची वाटते. घरी रोज ठरल्या वेळी, गाडी उभी असताना, वीस मिनिटं फोन करा. मन फारच खचलं तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात. शरीरसंबंध आला तर निरोध वापरायचाच, आणि शंका असेल तर सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी फुकट आणि गुप्त होते, माहितीसाठी १०९७. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता खोली. आमचा सल्ला असा की पाच हजारांची खोली जरूर सोडा, पण पत्ता सोडू नका. गाडी गॅरेजला लागली, पासिंगला गेली, मालकाशी बिनसलं आणि चावी परत द्यावी लागली, किंवा तुम्हाला डेंग्यूचा ताप आला, तर केबिन त्याच दिवशी हातची जाते आणि पिशव्या घेऊन रस्त्यावर उभं राहायची वेळ येते. चाकण-भोसरीत कॉट बेसिसवर जागा मिळते. ओळखीच्या दोन ड्रायव्हरांनी मिळून एक कॉट घेतली तर दोघं एकाच वेळी क्वचितच तिथे असतात आणि भाडं निम्मं होतं. तिथे कुलूपवाली एक पेटी ठेवा: मूळ कागदपत्रं, हिवाळ्याच्या गोधड्या, एक चांगला कपड्यांचा जोड आणि दोन महिन्यांच्या भाड्याइतकी रोकड. एवढी सोय झाली की पुढच्या फेरीपासून केबिनमध्ये राहायला हरकत नाही. फेरीला निघायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून ती बारा व्होल्टची वायर तेवढी बघून घ्या.